पांढरा भात, काळा तवा आणि भिगवणचे फ्लेमिंगो

पुढचं वाचायच्या आधी घरातच एक छोटा प्रयोग करून बघा. पांढऱ्या ताटलीत भात पसरा, शेजारी काळा लोखंडी तवा ठेवा, दोन्ही खिडकीपाशी, फ्लॅश बंद. कॅमेरा ऑटोवर ठेवून आधी फक्त भाताचा फोटो काढा, इतक्या जवळून की फ्रेममधे भाताशिवाय काही दिसायलाच नको. मग तसाच तव्याचा. आता दोन्ही फोटो शेजारी शेजारी बघा. भात मळकट, राखाडीकडे झुकलेला दिसेल, आणि तवा राख फासल्यासारखा, तोही राखाडीच. मोबाईल हल्ली आतल्या आत बरंच सावरून घेतो त्यामुळे त्याच्यावर फरक कमी दिसेल, पण कॅमेऱ्यावर अगदी स्वच्छ कळेल.

फिरायला गेल्यावर निसर्गाचे आणि प्राण्यापक्ष्यांचे फोटो का बिघडतात याचं माझ्या मते निम्मं उत्तर या भात-तव्यात आहे. मला हे कळायला जवळजवळ तीन वर्षं लागली कारण सगळे लेन्सबद्दल बोलत होते, कॅमेरा प्रकाश कसा मोजतो हे कोणी साध्या भाषेत सांगतच नव्हतं, म्हणून आज तेच सांगते.

कॅमेऱ्याला समोर काय आहे ते माहीत नसतं. भात आहे का तवा, बगळा आहे का अस्वल, त्याला घेणंदेणं नाही. त्याला फक्त समोरून किती प्रकाश परत येतोय तेवढंच मोजता येतं. पण समोरची वस्तू पांढरी आहे म्हणून जास्त प्रकाश येतोय का मुळात ऊनच कडक आहे म्हणून, हे त्याला नुसत्या मापावरून कसं कळणार? मग त्याला एक गृहीत धरून दिलेलं असतं, की जगातलं बहुतेक सगळं सरासरी काढली तर मधल्या राखाडी रंगाइतकं उजळ असतं. हा मधला राखाडी म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा. गवत, माती, झाडाचं खोड, डांबरी रस्ता, हे सगळं त्याच्याच आसपास येतं त्यामुळे रोजचे फोटो बरे येतात आणि आपल्याला वाटतं कॅमेरा हुशार आहे. नवीन कॅमेरे फ्रेमचे तुकडे पाडून मोजतात, चेहरे ओळखतात, आता तर पक्षीसुद्धा ओळखतात, पण मूळ गृहीत तेच आहे. पांढरं समोर आलं की तो म्हणतो बापरे फार उजेड आहे, कमी करा. काळं आलं की म्हणतो अंधार आहे, वाढवा.

आणि निसर्गात नेमकं काय काय बघायला जातो आपण? भिगवणला पांढरे फ्लेमिंगो. ताडोबात काळा रानगवा, काळं अस्वल. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर धुकं, म्हणजे सगळं पांढरंच. एकही गोष्ट मधली राखाडी नाही.

यावर उपाय कॅमेऱ्यावरच असतो, अधिक-उणे चिन्ह असलेलं बटण किंवा चाक, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपं. कॅमेऱ्याने जे ठरवलं त्यापेक्षा उजळ हवं असेल तर अधिक, गडद हवं तर उणे. अधिक १ म्हणजे दुप्पट प्रकाश, उणे १ म्हणजे निम्मा. फोटोग्राफर लोक या दुप्पट-निमपटीला स्टॉप म्हणतात. भाताला अधिक १ द्या, तव्याला उणे १ द्या आणि परत काढा. भात भातासारखा, तवा तव्यासारखा. मोबाईलवर स्क्रीनला बोट लावलं की सूर्याचं छोटं चिन्ह येतं ना, ते वर खाली सरकवणं म्हणजे हेच.

इथपर्यंत सोपं आहे. पण याच्या पुढच्याच पायरीला बरेच जण अडकतात आणि मीही तिथेच अडकले होते, त्यामुळे जरा सावकाश.

भिगवण म्हणजे उजनी धरणाचं बॅकवॉटर, भीमा नदीवरचं, पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. हिवाळा आला की तिथे फ्लेमिंगो येतात, आपल्याकडे त्याला रोहित पण म्हणतात आणि अग्निपंख पण. अग्निपंख का म्हणतात ते तो उडाल्याशिवाय कळत नाही. उभा असताना पांढरा, गुलाबीची नुसती झाक, आणि पंख उघडले की आतून लालसर गुलाबी आणि कडेला काळी पिसं. कुंभारगावच्या बाजूने मासेमारी करणाऱ्या लोकांच्याच बोटीतून पक्षी बघायला जाता येतं.

मी शिकून गेले होते, पांढरा पक्षी म्हणजे अधिक १. लावलं आणि सकाळभर काढत बसले. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर अर्ध्या फोटोंत पक्ष्याच्या अंगावर एक पीस दिसेना, नुसता पांढरा डाग, कागद कापून चिकटवल्यासारखा. आणि गंमत म्हणजे उरलेले अर्धे अगदी छान आलेले. पक्षी तेच, ऊन तेच, सेटिंग तेच. मग फरक कशाने पडला?

मागच्या पाण्याने. पक्षी जवळ होता, फ्रेम भरून होता तिथे कॅमेऱ्याला पांढरंच पांढरं दिसलं, त्याने प्रकाश कमी केला, माझ्या अधिक १ ने तो भरून निघाला. पण पक्षी लांब होता, फ्रेममधे एवढासा, आणि मागे सकाळचं गडद हिरवट पाणी, तिथे कॅमेऱ्याने मोजलं ते पाणी. गडद आहे म्हणून त्याने आपणहून उजळ केलंच होतं आणि वरून मी अजून १ वाढवला. पक्षी जळाला, म्हणजे आमच्या भाषेत बर्न झाला. तिथे खरं तर उणे द्यायला हवं होतं, पांढरा पक्षी असून उणे! म्हणून पांढऱ्याला अधिक आणि काळ्याला उणे हा नियम अर्धवट आहे. फ्रेममधे जास्त जागा कशाने व्यापली आहे ते बघायचं, कॅमेरा त्याच्यावर निर्णय घेतो. आपल्याला हवा असलेला पक्षी कितीही लाडका असला तरी तो फ्रेमचा विसावा भाग असेल तर कॅमेरा त्याला फारसा मोजत नाही.

उडणाऱ्या पक्ष्याचं तर अजून अवघड. तो पाण्यावरून उडतो तेव्हा मागे गडद पाणी, वर चढतो तेव्हा मागे काठावरची बाभूळ, अजून वर गेला की पांढुरकं आभाळ. तीन सेकंदांत तीन वेगळ्या पार्श्वभूमी, आणि कॅमेरा दर वेळी नवा हिशोब करणार. पण पक्ष्यावर पडणारं ऊन बदललंय का? अजिबात नाही. मग हिशोब बदलायचं कारणच काय? म्हणून अशा वेळी सरळ मॅन्युअलवर जायचं, म्हणजे कॅमेऱ्याला ठरवू न देता आकडे आपणच लावायचे. लोक मॅन्युअलला उगाच घाबरतात, मोकळ्या उन्हात मॅन्युअल हीच सगळ्यात सोपी पद्धत आहे. उन्हात उभ्या असलेल्या पक्ष्याचा एक फोटो नीट काढायचा, पिसं दिसतायत का ते झूम करून बघायचं, आणि तेच आकडे पक्के ठेवून पुढचा अर्धा तास फक्त पक्ष्याकडे बघायचं. ढग आला किंवा सूर्य बराच वर आला तरच बदलायचं.

आकड्यांसाठी फिल्मच्या काळातला एक जुना ठोकताळा आहे. स्वच्छ कडक उन्हात अॅपर्चर (लेन्समधलं भोक) एफ १६ ठेवलं तर शटर स्पीड (ते किती वेळ उघडं राहतं) आयएसओच्या (सिग्नल किती मोठा करायचा त्याच्या) आकड्याएवढा, म्हणजे आयएसओ ४०० असेल तर १/४०० सेकंद. आता उडत्या पक्ष्याला १/४०० कमी पडतो, पंखांची टोकं हलतात. म्हणून अॅपर्चर दोन पायऱ्या उघडायचं, १६ वरून ११, ११ वरून ८, प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट होतो म्हणजे चौपट झाला, तर वेळ चौथाई करायचा, १/१६००. एफ ८, १/१६००, आयएसओ ४००. हे कडक उन्हाचं. सकाळी ऊन कोवळं असतं तेव्हा एखादा स्टॉप जास्त लागतो.

हे तिन्ही आकडे नळाखाली बादली भरण्यासारखे आहेत. अॅपर्चर म्हणजे तोटी किती उघडली, शटर म्हणजे किती वेळ उघडी ठेवली. आकडा उलटा चालतो एवढं लक्षात ठेवायचं, एफ ४ मोठं भोक, एफ १६ लहान. आयएसओ जरा वेगळा, त्याने प्रकाश वाढत नाही, जेवढा आला तेवढ्याचा सिग्नल मोठा करतो, जसं रेडिओचा आवाज मोठा केला की खरखर पण मोठी होते. ती खरखर म्हणजे फोटोतले दाणे.

आणि इथे मला ठामपणे सांगायचंय, दाण्यांना घाबरू नका. ताडोबात पहाटे गेट उघडतं, तुमची जिप्सी आत शिरते तेव्हा झाडाखाली उजेड जवळजवळ नसतोच. हातात ४०० मिलिमीटरची लेन्स, तिचं जास्तीत जास्त अॅपर्चर एफ ५.६. आयएसओ ४०० च्या हट्टाला बसलात तर शटर १/३० वगैरे मिळेल आणि समोर वाघ चालत आला तर फोटोत पिवळा धूर येईल. आयएसओ ३२०० करा, ६४०० करा, १/५०० च्या आसपास शटर आणा. दाणे नंतर कॉम्प्युटरवर बरेच कमी करता येतात, हललेला वाघ कोणी स्थिर करून देत नाही.

तुम्ही म्हणाल लेन्समधे स्टॅबिलायझेशन आहे की. ते तुमच्या हाताचं हलणं सांभाळतं, वाघाचं नाही. तो चालतोच आहे. हात किती सांभाळायचा याचाही अंदाज सोपा आहे, लेन्स जितक्या मिलिमीटरची तितका तरी शटर स्पीड, ४०० ला १/४०० पेक्षा कमी नको. जिप्सीत बसून काढत असाल तर दांड्यावर बीनबॅग ठेवा, ती नसली तर जुन्या पॅंटचा पाय कापून त्यात तांदूळ भरून दोन्ही टोकं शिवली तरी काम होतं, आणि ड्रायव्हरला आधीच विनंती करून ठेवा, दादा थांबलो की इंजिन बंद करा. इंजिनची थरथर मोठ्या लेन्सला लगेच कळते.

ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं, आणि सगळे तिथे वाघासाठी जातात. पण मला वाटतं प्रकाश शिकायला रानगवा जास्त चांगला. वाघाचा रंग तसा मधलाच, कॅमेरा फारसा चुकत नाही, फक्त गालावरचं आणि पोटाचं पांढरं उन्हात जळतंय का ते बघायचं. गवा मात्र काळा, तेलकट चकाकी, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. ऑटोवर काढा, तव्यासारखाच राखाडी येईल आणि मोजे जळतील. उणे पाऊण, उणे एक द्या, मग अंगावरचे स्नायू कसे उठून येतात बघा.

ताडोबाचीच अजून एक गोष्ट, जिच्यामुळे मी बिचाऱ्या लेन्सला उगाच दोष देत होते. मे महिना, पारा ४५ च्या पुढेमागे, लांब रस्त्यावर वाघीण बसलेली, भरपूर उजेड, बीनबॅग, सगळं नीट, आणि एकही फोटो शार्प नाही. लेन्स तपासायला दिली, काही निघालं नाही. निघणार कसं? रस्ता तापला की त्याच्यावरची हवा थराथरांनी गरम होते, गरम आणि थोडी कमी गरम हवा प्रकाशाला वेगवेगळं वाकवते आणि चित्र लटपटतं, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी असल्यासारखं दिसतं ते याचंच भावंड. दीडशे मीटरवरचा वाघ अशा हवेतून कितीही महागड्या लेन्सने काढा, मऊच येणार. सकाळी लवकर काढा, किंवा जनावर जवळ येईपर्यंत थांबा, किंवा सरळ झूम कमी करून वाघीण लहान आणि जंगल मोठं असा फोटो काढा. तो तिसरा फोटो माझ्याकडे आहे आणि घरात भिंतीवर तोच लावलाय.

आता डोंगरदऱ्या. इथे अडचण वेगळी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर संध्याकाळी उभं राहिलात की वर पेटलेलं आभाळ आणि खाली हजारो फूट सावलीतली दरी, दोन्ही डोळ्यांना छान दिसतं. कारण डोळा आभाळाकडे वळला की बाहुली लहान, दरीकडे वळला की मोठी, आणि मेंदू दोन्ही जोडून एकच चित्र दाखवतो. कॅमेऱ्याला एका फोटोत एकच काय ते ठरवता येतं. मग एकतर आभाळ पांढरं नाहीतर दरी काळी. इथे माझा कौल नेहमी आभाळाच्या बाजूने, कारण जळालेल्या भागात माहितीच उरत नाही, आणि सावलीत मात्र बरीच दडलेली असते, फोटो रॉ मधे, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती तशीच ठेवणाऱ्या फाईलमधे, काढला असेल तर ती नंतर वर काढता येते. मोबाईल यावर वेगळी युक्ती करतो, पटापट कमी जास्त प्रकाशाचे अनेक फोटो घेऊन एकात मिसळतो, म्हणून सूर्यास्ताला कधी कधी मोबाईलचा फोटो महागड्या कॅमेऱ्यापेक्षा चटकन बरा दिसतो.

जळतंय का नाही हे स्क्रीनवर बघून ठरवू नका, उन्हात स्क्रीन खोटं बोलते. हिस्टोग्राम लावा. तो डोंगरासारखा आलेख दिसतो ना, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, मधे राखाडी. डोंगर उजव्या भिंतीला जाऊन आपटला की काहीतरी जळलं. बस, एवढंच बघायचं. धुक्याचा फोटो काढताना ऑटोमधे डोंगर मधोमध येतो म्हणजे धुकं राखाडी झालं, अधिक देत देत त्याला उजवीकडे सरकवायचं, भिंतीला टेकायच्या आत थांबायचं. पांढरं पांढरं राहतं आणि जळतही नाही.

कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीमागे असतो, आणि पावसाळ्यात दरीत धुकं भरलेलं असलं तर कधीकधी इंद्रवज्र दिसतं, गोल इंद्रधनुष्यासारखं कडं आणि मधोमध आपलीच सावली. सूर्य पाठीला आणि धुकं समोर खाली, हे दोन्ही जुळल्याशिवाय ते दिसणारच नाही. निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांनी कुठे जायचं याच्याआधी सूर्य कुठल्या बाजूला असेल ते बघून ठेवायचं ते यासाठी. आणि सकाळ संध्याकाळच का, तर सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रकाशाला हवेतून डोक्यावरच्या सूर्यापेक्षा पस्तीस-चाळीस पट लांबचा रस्ता तुडवावा लागतो, वाटेत निळा रंग इकडेतिकडे विखुरतो आणि आपल्यापर्यंत तांबूस उरतो. शिवाय तो तिरका पडतो म्हणून गवताच्या पात्यालाही सावली पडते, दगडाचा खडबडीतपणा दिसतो. दुपारी बाराला तोच डोंगर सपाट.

साताऱ्याजवळच्या कासला, फुलांच्या पठारावर, मात्र उलटं. २०१२ मधे युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा यादीत घेतलं त्यात कास पण आहे. तिथे सप्टेंबरात ढगाळ दिवस मिळाला तर हळहळू नका. ढग म्हणजे आभाळभर ताणलेलं मलमल, सावल्या मऊ होतात, तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा दोन्ही नीट येतात. ओल्या पानांवर आभाळाची पांढरी चकाकी असते तिच्यामुळे हिरवा रंग फिका दिसतो, तिथे पोलरायझर फिल्टर लावून फिरवत बघा, एका जागी चकाकी गायब होते आणि खालचा रंग वर येतो. ही गोष्ट नंतर कॉम्प्युटरवर करता येत नाही म्हणून मी एकच फिल्टर घ्यायचा तर हा सांगते. पण तो एक दीड स्टॉप प्रकाश खातो, त्यामुळे पहाटे जंगलात काढून ठेवायचा. आणि कुंपणाच्या, पायवाटेच्या आतच राहा. सीतेची आसवं नावाची फुलं एवढुशी असतात, फोटोसाठी पालथं पडलात की पोटाखाली किती गेली ते कळतही नाही.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढू नका. थंड काचेवर दमट हवेची वाफ धरते, बाहेरून पुसली तरी आतून धरलेली जात नाही. बॅग बंद ठेवूनच वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या.

भिगवणला दुसऱ्यांदा गेले तेव्हा आकडे पाठ होते, हात पण बसला होता आणि मला उडतानाचाच फोटो हवा होता. फ्लेमिंगो जागेवरून उडत नाही, विमानासारखा पाण्यावर धावत जातो, लांब पाय पाण्यावर टप टप टाकत, मग वर उठतो. ते दृश्य फार सुंदर असतं. मी बोटवाल्या काकांना म्हटलं अजून जरा जवळ घ्या ना. त्यांनी मोटर बंद केली, बांबू हातात घेतला आणि म्हणाले, "ताई, माना बघा त्यांच्या."

बघितलं. मघाशी सगळ्यांच्या माना खाली होत्या, चोच उलटी करून चिखल गाळून खात होते. आता अख्ख्या थव्याच्या माना वर, सगळे एकाच दिशेला तोंड करून चालायला लागलेले. "ह्ये उठायची तयारी हाय," काका म्हणाले, "आत्ता उठले की खाणं सुटलं, मग लांब जाऊन बसत्यात. दिसभर बोटी येत्यात, किती येळा उठायचं त्यांनी?"

बांबूने त्यांनी बोट मागे घेतली, आडवी लावली, आणि आम्ही बसून राहिलो. पाच सात मिनिटांनी एक मान खाली गेली, मग दुसरी. अर्ध्या तासाने काठावर कुत्रं भुंकलं आणि थव्यातले चार पाच जण आपले आपण धावत सुटले, आमच्या समोरून आडवे, ऊन पाठीवर घेऊन. एफ ८, १/१६००, आयएसओ ८००. मागे आधी पाणी, मग बाभळी, मग आभाळ, आणि सगळ्या फोटोंत पक्ष्याची पिसं मोजता येतील इतकी स्वच्छ.